‘बरे झाले’ या रकान्यापुढे

फेब्रुवारी २०२१. देशात इतरत्र कोविड ओसरल्याची भाषा सुरू होती, तेव्हा अमरावती आणि अकोल्यात आकडा पुन्हा चढू लागला. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी लागली. अकोल्यातही निर्बंध आले. या भागातल्या नमुन्यांत विषाणूच्या स्पाइक प्रथिनातले वेगळे बदल पुण्याच्या प्रयोगशाळांना त्याच सुमारास दिसले, आणि त्याच कुळातल्या एका फांदीला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ असं नाव दिलं. त्या दिवसांत रोज संध्याकाळी जिल्हा प्रशासनाचा तक्ता मोबाईलवर यायचा: नवे बाधित, उपचार सुरू, मृत्यू आणि शेवटी ‘बरे झाले’. त्या शेवटच्या रकान्यातला आकडा वाढला की जिवाला बरं वाटायचं. त्या रकान्यातल्या माणसांचं पुढे काय झालं, हे मात्र कुठल्याच तक्त्यात आलं नाही.

वऱ्हाडाला हे नवं नाही. १९१८च्या इन्फ्लुएन्झात मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. १९२१च्या खानेसुमारीत मेलेल्यांचा हिशेब लागला, वाचलेल्यांचा नाही. त्याच दशकात युरोप-अमेरिकेत ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ नावाच्या झोपेच्या आजाराने हजारो माणसं वर्षानुवर्षं थिजून राहिली. त्याचा इन्फ्लुएन्झाशी संबंध होता की नाही, यावर अजून वाद आहे. पण एक शंका तेव्हापासून वैद्यकाच्या मागे लागली: जंतू शरीरातून गेला, तरी डोक्यातलं काही सोबत घेऊन जातो का?

या शंकेला ठोस उत्तर मिळायला २०१० साल उजाडलं. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या हजारो माणसांची दर दोन वर्षांनी स्मरणशक्तीची आणि रोजच्या कामांची चाचणी घेणारी एक दीर्घ पाहणी आधीपासून चालू होती. थिओडोर इवाशिना आणि सहकाऱ्यांनी त्यातले तीव्र सेप्सिस होऊन वाचलेले ५१६ लोक वेगळे काढले. सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला असा बेभान प्रतिसाद, की स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात. आपल्याकडे नातेवाइकांना ‘रक्तात इन्फेक्शन पसरलं’ असं सांगतात तो प्रकार. आजाराआधी या लोकांत मध्यम ते गंभीर बौद्धिक घसरण ६.१ टक्क्यांत होती. आजारानंतर ती १६.७ टक्क्यांत आढळली आणि पुढची आठ वर्षं तशीच राहिली. शिवाय आंघोळ, पैशाचे व्यवहार, औषधं वेळेवर घेणं अशा कामांपैकी सरासरी दीड काम हातातून गेलं.

२०१३ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासाने चित्र अधिक गडद केलं. आयसीयूतल्या ८२१ रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना मुक्कामात कधी ना कधी डिलिरियम झाला, म्हणजे आजारात भान सुटलं. वर्षानंतर तपासलं तेव्हा साधारण तिघांतल्या एकाचे गुण डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतके खाली होते, तर चौघांतल्या एकाचे गुण सौम्य अल्झायमरच्या रुग्णासारखे. यात तरुणही होते. आणि डिलिरियम जितके दिवस टिकला, तितकी पुढची घसरण मोठी.

म्हणजे कोविडने जे दाखवलं, ते कोविडचंच वैशिष्ट्य नव्हतं. इतकंच की एकाच वेळी लाखो माणसं त्यातून गेल्यामुळे मोजमाप करता आलं. इंग्लंडमध्ये १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांनी ऑनलाइन बुद्धिचाचण्या दिल्या. २०२४ साली निष्कर्ष आले. पूर्ण बरे झालेल्यांतही कोविड न झालेल्यांपेक्षा बुद्ध्यंकाच्या भाषेत सुमारे ३ गुणांची तूट होती, लक्षणं रेंगाळलेल्यांत ६ आणि आयसीयूत राहून आलेल्यांत ९. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या दुसऱ्या गटाने रुग्णालयात दाखल झालेल्या ३५१ जणांची वर्षाने परीक्षा घेतली. त्यांची तूट वयाच्या पन्नाशीवरून सत्तरीवर उडी मारल्याइतकी भरली. सौम्य आजारातले तीन गुण एकेकट्या माणसाला जाणवतीलच असं नाही. आयसीयूतून आलेल्याचे नऊ मात्र घरच्यांना जाणवतात, आणि वऱ्हाडात ते एका वाक्यात निकालात निघतात: ‘बुढा आता लयच इसरते.’

मेंदूत नेमकं काय होतं? जंतू स्वतः मेंदूत शिरलाच पाहिजे, असं नाही. फुफ्फुसात किंवा लघवीच्या मार्गात पेटलेल्या संसर्गाने रक्तात दाहक द्रव्यांचा पूर येतो. रक्त आणि मेंदू यांच्यातली गाळणी सैल होते. मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, चवताळतात आणि संसर्ग संपल्यावरही लवकर शांत होत नाहीत. जोडीला रक्तदाब कोसळणं, प्राणवायू कमी पडणं, साखर वरखाली होणं, बारीक गुठळ्या, आणि झोपेची औषधं. आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस आणि नियोजन करणारा पुढचा भाग या सगळ्याला फार हळवे असतात. ब्रिटनच्या बायोबँकेत ७८५ जणांचे मेंदूचे स्कॅन कोविडच्या आधीही आणि नंतरही होते, आणि त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झाला होता. वासाशी जोडलेल्या काही भागांत त्यांच्या मेंदूची झीज इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्के जास्त निघाली. बहुतेकांना दाखल व्हावंही लागलं नव्हतं. मात्र स्कॅनवरची झीज आणि रोजच्या जगण्यातली अडचण यांचा मेळ नेहमी बसत नाही. म्हणून ‘कोविडने मेंदू आकसतो’ असे मथळे मला अर्धवट वाटतात.

या सगळ्या साखळीत मला सर्वांत महत्त्वाचा दुवा डिलिरियमचा वाटतो, कारण तो आपल्या हातातला आहे.

‘वात झाला’, ‘बरळते’, ‘सलाइनच्या नळ्या उपटते’ हे डिलिरियमचं आपल्या ओळखीचं रूप. त्याचं दुसरं रूप गप्प असतं. रुग्ण छताकडे बघत पडून राहतो, विचारलं तर मान हलवतो, त्रास देत नाही. वॉर्डातले सगळे त्याच्यावर खूश असतात. हा गप्प डिलिरियम शोधल्याशिवाय सापडत नाही, आणि शोधायला यंत्र लागत नाही. परिचारिका एकेक अक्षर म्हणते, ठरलेलं अक्षर आलं की रुग्णाने तिचा हात दाबायचा. मग दोन-चार साधे प्रश्न. काम दोन मिनिटांचं.

उपायाचं काय? हॅलोपेरिडॉलसारखी औषधं डिलिरियमचे दिवस कमी करतील, या आशेवर २०१८ साली एका मोठ्या चाचणीने पाणी ओतलं. औषध आणि खोटं औषध यांत फरक निघाला नाही. उपयोगी ठरल्या त्या बिनऔषधी गोष्टी. गुंगी हलकी ठेवायची. रोज ठरल्या वेळी रुग्णाला जागं करून बघायचं. यंत्रावर असला तरी लवकर बसवायचं, चालवायचं. रात्री दिवे मंद करायचे. आणि घरचं माणूस जवळ येऊ द्यायचं. अमेरिकेतल्या ६८ आयसीयूंत १५ हजारांवर रुग्णांना असा संच वापरला, तेव्हा तो जितका पूर्ण पाळला गेला तितका डिलिरियम आणि मृत्यूही घटले. कोविडच्या काळात १४ देशांतल्या २,०८८ गंभीर रुग्णांची नोंद झाली. बेंझोडायझेपीन गटातलं झोपेचं औषध दिलेल्यांत डिलिरियमचा धोका ५९ टक्के जास्त होता. घरचं कुणी भेटलेल्यांत, अगदी व्हिडिओ कॉलवर भेटलेल्यांतही, तो २७ टक्के कमी होता.

आता आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही आयसीयूच्या दारात उभं राहा. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र कॅरीबॅगमध्ये बांधून नातेवाइकाच्या हाती दिलेलं असतं. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवस आहे की रात्र कळत नाही, त्याचं भान सुटणारच. भेटीची वेळ पाच-दहा मिनिटांची. बाहेर मात्र गावाहून आलेली अख्खी पंगत चादर अंथरून बसलेली. लेक, सून, चुलतभाऊ, कुणी ना कुणी चोवीस तास हजर. ज्या गोष्टीसाठी पाश्चात्त्य रुग्णालयांना धोरणं आखावी लागली, ती आपल्याकडे पायरीवर फुकट बसून आहे. हात धुऊन, गाऊन घालून त्यातल्या एकाला पाळीपाळीने रुग्णाच्या उशाशी बसू दिलं, तर संसर्ग वाढतो ही भीती अभ्यासांनी खरी ठरवलेली नाही. गर्दीची भीती खरी आहे. पण गर्दी आवरणं आणि एकालाही न सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलांची गोष्ट मोठ्यांपेक्षा गुंतागुंतीची आहे. म्हाताऱ्याच्या हातून कमावलेलं जातं. मुलाचं अजून कमवायचं असतं, म्हणून गेलेलं दिसायला चार-पाच वर्षं लागतात. विदर्भाला मेंदूज्वराची ओळख जुनी. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि त्या वस्तीचं नाव त्याला चिकटलं. २००३ साली आंध्रात ३२९ मुलं अशा मेंदूज्वराने आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली, आणि चांदीपुराच प्रमुख संशयित ठरला. विदर्भातही त्याचे उद्रेक झाले. जपानी मेंदूज्वराबद्दल जागतिक आरोग्य संघटना सांगते की लक्षणं दिसलेल्यांतले तीसपर्यंत टक्के मरतात आणि मेंदूपर्यंत आजार गेलेल्यांतल्या ३० ते ५० टक्क्यांना कायमचं काही ना काही चिकटतं: आकडी, अर्धांग, वागण्यातला बदल, शिकण्यातली अडचण. मेंदूपर्यंत गेलेल्या मलेरियाबद्दल युगांडातल्या अभ्यासाने दाखवलं, की दोन वर्षांनीही चारांतल्या एका मुलात बौद्धिक तूट राहते.

जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये एक बाब इतकी महत्त्वाची आहे, की प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर ती ठळक लिहायला हवी. या आजाराने कान जातो. मूल हाकेला ओ देत नाही, शब्द नीट शिकत नाही, शाळेत मागे पडतं, आणि गाव म्हणतं की तापाने मुलगा मंद झाला. कित्येकदा बुद्धी शाबूत असते, ऐकू येत नसतं. श्रवणतपासणी डिस्चार्जच्या आधी किंवा महिनाभरात झाली पाहिजे, कारण या आजारात आतल्या कानाच्या शंखात हाड भरत जातं आणि कॉक्लिअर इम्प्लांट बसवण्याची संधी काही महिन्यांतच निसटू शकते.

त्याही आधीची अडचण पाठीतल्या पाण्याची. मेनिंजायटिस ओळखायचा तर मणक्यातून पाणी काढून तपासावं लागतं, आणि ‘पाठीतलं पाणी काढलं की लेकरू पांगळं होते’ ही समजूत पक्की आहे. सही द्यायला घरचे दोन दिवस घेतात. ते दोन दिवस मेंदूचे असतात. पांगळेपण आलंच तर आजाराने येतं, सुईने नाही. हे समजावायला डॉक्टरने दहा मिनिटं बसावं लागतं, आणि सरकारी वॉर्डात तेवढी उसंत असते कुठे.

मेळघाटाचा प्रश्न याहून खोल. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांची नावं १९९३पासून कुपोषणाने मेलेल्या बाळांमुळे पेपरांत येत राहिली. मोजणी तिथेही मृत्यूचीच. कमी वजनाच्या नवजात बाळाला सेप्सिस झाला आणि ते वाचलं, तर? अमेरिकेत एक किलोपेक्षा कमी वजनाच्या सहा हजारांवर बाळांचा मागोवा २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना संसर्ग झाला होता, त्यांत सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि दृष्टिदोष संसर्ग न झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने डंभा, म्हणजे चटके, देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. त्यावर संताप करणं सोपं आहे. पण पोट फुगणं हे कित्येकदा सेप्सिसचंच लक्षण असतं, म्हणजे आजीच्या नजरेने धोका बरोबर हेरलेला असतो. चुकतो तो उपाय, आणि जातो तो वेळ. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९९ साली दाखवून दिलं, की गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन बाळ तपासलं, सेप्सिस ओळखून प्रतिजैविक दिलं, तर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटतात. त्याच धर्तीवर पुढे देशभर ‘आशा’च्या घरभेटी सुरू झाल्या. मेळघाटात डॉ. आशीष सातव यांची ‘महान’ संस्था असंच काम करत आली आहे. वेळेवर दिलेलं इंजेक्शन जीव वाचवतं, हे सगळे मानतात. ते बुद्धीही वाचवतं, हे कुणी बोलत नाही.

वेळेचाच मुद्दा स्क्रब टायफसमध्ये आणखी उघडा पडतो. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत तो बातम्यांत आला. गवतातल्या बारीक माइटच्या अळीच्या चाव्याने होतो, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जोर धरतो, म्हणजे नेमका निंदण-फवारणीच्या हंगामात. काखेत, जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग असतो, पण तो कपडे काढून बघावा लागतो. उपचार डॉक्सिसायक्लिन, काही रुपयांचा. हा ताप आठवडाभर ‘व्हायरल’ किंवा ‘टायफॉइड’ म्हणून सलाइनवर राहिला, की मेंदू, मूत्रपिंड, फुफ्फुसं धरतो. टायफॉइडच्या विडाल चाचणीवर आपल्याकडच्या दवाखान्यांचं जे अतोनात प्रेम आहे, त्याची किंमत अशा रुग्णांनी मोजलेली आहे.

आता शंकेखोराची बाजू. ज्यांना गंभीर संसर्ग होतो, ती माणसं आधीच थकलेली, मधुमेही, कदाचित विसराळूही असतात. मग आजाराने बुद्धी घसरली, की घसरत्या बुद्धीच्या माणसाला आजार झाला? आक्षेप रास्त आहे. इंग्लंडच्या ऑनलाइन चाचण्यांत आधीचं मोजमाप नव्हतं. इवाशिनांच्या अभ्यासात आणि बायोबँकेत ते होतं, म्हणून त्यांना वजन जास्त. भारतातही ‘आधीचं चित्र’ आहे, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत २०१७-१८ साली पंचेचाळीशीपुढच्या ७२ हजार लोकांची स्मरणशक्ती तपासली गेली, महाराष्ट्र त्यात आहे. त्याच माणसांना पुन्हा तपासून, मधल्या काळात कोण कशाने दाखल झालं होतं हे जोडलं, तर आपल्या मातीतलं उत्तर मिळेल. मला व्यक्तिशः ते इंग्लंडच्या आणखी दहा निबंधांपेक्षा हवं आहे.

मात्र तपासायचं कशाने? प्रचलित चाचण्या शंभरातून सात-सात वजा करायला, घड्याळ काढायला सांगतात. आयुष्यात पेन्सिल न धरलेल्या बाईला घड्याळ काढता आलं नाही, तर त्यातून काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगडला १९९०च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदीतली चाचणी तयार झाली. जोडीला नातेवाइकांना रोजच्या कामांबद्दल विचारायची प्रश्नावलीही आली. आयसीएमआरने अलीकडे बौद्धिक चाचण्यांचा संच बनवला, तो सुरुवातीला पाच भाषांत: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी त्यांत नव्हती. मेळघाटातल्या कोरकू भाषेची तर गोष्टच सोडा.

शिवाय अशा आजारांनंतर आधी जाते ती बहुधा आठवण नव्हे, नियोजन जातं. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागाईतदाराला आज वार कोणता, हे नीट सांगता येईल. पण आंबिया बहारासाठी ताण कधी द्यायचा, कधी तोडायचा, पंपाला औषध किती, कुठल्या दोन औषधांची सरमिसळ करायची नाही, हा हिशेब त्याला जमेनासा होतो. बचत गटाची अध्यक्ष बाई चेहरे सगळे ओळखते, वहीतला ताळेबंद मात्र जुळत नाही. डॉक्टरकडे दोघंही ‘कमजोरी’ म्हणून जातात आणि टॉनिक घेऊन येतात.

सगळंच हरलेलं नसतं. विसराळूपणाची सुधारता येणारी कारणं आधी बघायची: बी-१२, थायरॉईड, कान, नैराश्य, झोप, आणि घरी आल्यावरही चालूच राहिलेल्या झोपेच्या गोळ्या. क्षयाच्या मेनिंजायटिसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी माणूस सुस्तावला, चालताना फरफटू लागला, लघवी सुटू लागली, तर मेंदूत पाणी साठल्याची शंका घ्यायची. ते पाणी वाहून नेणारी नळी, म्हणजे शंट, बसवून अशी माणसं उभी राहिलेली आहेत. पहिल्या वर्षात पुष्कळांत सुधारणा होते. आणि संसर्ग टाळणं हा मेंदूचा उपचारच आहे: न्यूमोकॉकलची लस २०२१पासून महाराष्ट्रात बाळांना मोफत मिळते. नागिणीच्या लशीबद्दल वेल्समधून २०२५ साली आलेला निष्कर्ष तर चकित करणारा आहे. ती मिळालेल्या ज्येष्ठांत सात वर्षांत डिमेन्शिया सुमारे पाचव्या हिश्शाने कमी आढळला.

पैशांचं गणित इथे एका टोकाला अडतं. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता; पुढे ती महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. आयसीयूचं बिल तिच्यातून निघतं, ही लहान गोष्ट नव्हे. त्यामुळे जी माणसं पूर्वी घरी नेऊन मरायची, ती आज वाचतात. म्हणजेच हा प्रश्न वाढत जाणार आहे. डिस्चार्जनंतर तिसऱ्या महिन्यात स्मरणशक्ती तपासायला बोलावणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. दिव्यांग प्रमाणपत्राच्या २१ प्रकारांत मतिमंदत्व आहे, दीर्घकालीन मेंदूविकार आहेत. पण सेप्सिसनंतर हिशेब न जमणाऱ्या पन्नाशीतल्या शेतकऱ्याने कुठल्या खिडकीवर उभं राहायचं?

नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी ‘आशा’ मधुमेह-रक्तदाबाचा जो फॉर्म भरते, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहेच: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? पत्ता विसरेपर्यंत फार उशीर झालेला असतो, आणि साठीच्या आतल्यांना तो विचारलाच जात नाही. त्याच्या वर दोन ओळी हव्यात: गेल्या वर्षभरात आयसीयूत होता का, आणि फवारणीच्या औषधाचा हिशेब आता घरात कोण करतं?